खफाजेचे पात्र आणि आमच्या राजांगणातले दगड

फोंडा, आषाढ, रविवार रात्र

गेल्या वर्षी पुतणीकडे लंडनला गेलो असताना पाहिलेले एक दगडी पात्र आज दिवसभर डोळ्यांसमोर होते. निमित्त आमच्या देवस्थानच्या बैठकीचे. बैठकीविषयी पुढे लिहीन. आधी त्या पात्राविषयी लिहून ठेवणे अगत्याचे आहे, कारण आज मी जे बोललो ते त्या पात्राशी ओळख झाल्याखेरीज मला इतक्या ठामपणे बोलता आले नसते.

ते पात्र ब्रिटिश म्युझियममध्ये मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, वस्तूंबरोबर ठेवलेले आहे. उंची सुमारे ११ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे १८ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही हातांत सहज धरता येईल एवढेच. दगड क्लोराईट जातीचा, हिरवट झाक असलेला गडद करडा. काळ इसवी सनापूर्वी २६०० ते २४०० च्या सुमाराचा मानतात. सिंधूच्या काठी मोहेंजोदडो भरभराटीला येत होते तोच हा काळ. एवढ्याशा पात्राच्या बाहेरच्या अंगावर कारागिराने मोकळी जागा म्हणून जवळजवळ ठेवलेलीच नाही. एका ठिकाणी लांब केसांची, जाळीदार विणीचे वस्त्र नेसलेली एक व्यक्ती दोन बैलांपाशी बसलेली आहे आणि तिच्या हातांतून पाण्याच्या धारा वाहत आहेत. पुढे सरकावे तर तशीच एक व्यक्ती दोन हिंस्र श्वापदांच्या मध्ये उभी असून तिने दोन्ही मुठींत साप पकडले आहेत. त्याच्याही पलीकडे एका बैलावर सिंह आणि गरुडासारखा मोठा पक्षी तुटून पडले आहेत. पाणी देणारी शक्ती, श्वापदांना आवरणारी शक्ती आणि कोणालाच न आवरणारे मरण, अशा क्रमाने मी ती चित्रे वाचली. कारागिराच्या मनात हाच क्रम होता असा माझा आग्रह नाही, पण पात्र गोल असल्यामुळे कोठूनही सुरुवात केली तरी ती तिन्ही दृश्ये एकमेकांना लागूनच येतात आणि पाहणाऱ्याला फिरत राहावे लागते, हे मात्र नक्की.

त्या बैलांच्या पाठीवर वशिंड आहे. "काका, हा तर आपला बैल," असे पुतणी लगेच म्हणाली, आणि तिचे म्हणणे अगदीच अनाठायी नव्हते, कारण वशिंडाच्या गुरांचे मूळ आपल्या उपखंडाकडेच जाते. तरीही तो बैल पात्रावर आहे म्हणून पात्र हिंदुस्थानचे, असे म्हणता येत नाही. त्या काळापर्यंत ही गुरे इराणच्या पठारावरही पोहोचलेली होती. मग पात्र कोठले, हा प्रश्न उरतोच, आणि माझे मन ज्यात अडकून पडले तो प्रश्न हाच.

दगडाबद्दल थोडे लिहितो. क्लोराईट हा मऊ दगड आहे. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा आकड्यांत सांगणाऱ्या मोसच्या श्रेणीत तो २ ते २.५ इतकाच भरतो, त्यामुळे साध्या चाकूनेही त्यावर रेघ उठते. गारगोटीच्या आणि तांब्याच्या हत्यारांनी काम करणाऱ्या माणसांना असा दगड मिळणे ही मोठीच सोय होती. मात्र मऊ म्हणून काम सोपे होते असे नाही. अखंड दगड आतून पोखरत न्यायचा, भिंत फुटू द्यायची नाही, आणि बाहेर उठाव आणायचा म्हणजे आकृतीभोवतीचा सगळा दगड खरवडून खाली न्यायचा. एक चूक झाली की महिन्याची मेहनत पाण्यात. अशा अनेक भांड्यांच्या आतल्या अंगाला पोखरताना उठलेले हत्याराचे ओरखडे अजून दिसतात. जनावरांच्या डोळ्यांच्या आणि ठिपक्यांच्या जागी खळगे करून त्यांत शिंपल्याचे किंवा रंगीत दगडाचे तुकडे बसवीत असत. बऱ्याच भांड्यांवरचे ते तुकडे गळून गेले आहेत आणि रिकामे खळगे तेवढे राहिले आहेत.

आपल्याकडच्या कदंबकालीन, म्हणजे मध्ययुगात गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांच्या काळातल्या, मूर्तींपैकी कितीतरी क्लोराईट शिस्टच्याच आहेत, म्हणजे त्याच कुळातल्या दगडाच्या. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस चर्चच्या मठात १९६४ पासून जे पुरातत्त्व संग्रहालय आहे, तेथे प्रभावळीवर दशावतार कोरलेली विष्णुमूर्ती पाहताना दगडाची ही मृदुता डोळ्यांना जाणवते. बोटांची पेरे, दागिन्यांचे मणी, मुकुटाची कड हे सगळे इतके बारीक उतरले आहे की आपल्या जांभ्या चिऱ्यात ते कोणालाही कोरता आले नसते. देवळात ज्या मूर्तींना पिढ्यान्‌पिढ्या तेल लागले त्या काळ्याभोर झाल्या, आणि संग्रहालयात आलेल्या हळूहळू पुन्हा करड्या होत गेल्या. लंडनच्या त्या पात्राचा करडेपणा पाहताना मला या मूर्तींची आठवण झाली.

आता मूळ प्रश्न. पात्राची ओळख सांगणाऱ्या नोंदीप्रमाणे ते म्युझियमने १९३६ साली विकत घेतले आणि ते इराकमधील खफाजे येथील असल्याचे सांगितले जाते. बगदादच्या पूर्वेला दियाला नदीच्या खोऱ्यात खफाजे आहे. प्राचीन काळी त्या नगराला तुतुब म्हणत. १९३० साली शिकागो विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने हेन्री फ्रँकफर्ट यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन सुरू केले, आणि तसे करण्याचे एक कारणच असे होते की त्या परिसरातून चोरून खणलेल्या वस्तू बगदादच्या बाजारात येऊ लागल्या होत्या. उत्खननात तेथील देवळांतून याच शैलीच्या कोरीव भांड्यांचे अवशेष मिळाले, त्यामुळे हे पात्रही तेथलेच असण्याची शक्यता चांगली आहे. पण शक्यतेच्या पुढे जाता येत नाही. ते कोणत्या खोलीत होते, कोणत्या थरात होते, त्याच्या शेजारी काय ठेवलेले होते, ते देवापुढे वाहिलेले होते की कोणाच्या उशाशी पुरलेले होते, यातले एकही उत्तर आता कधीच मिळणार नाही, कारण ज्याने ते जमिनीतून उचलले त्याने त्याबरोबर यायला हवी होती ती सगळी माहिती तेथेच मातीत मिसळून टाकली.

याच्या उलट गोष्ट तेपे याह्याची. इराणच्या केरमान प्रांतातील या टेकाडाचे उत्खनन हार्वर्ड विद्यापीठाचे लॅम्बर्ग-कार्लोव्हस्की यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७५ पर्यंत केले. तेथे लंडनच्या पात्राच्या तोडीचे, सगळ्या बाजूंनी सुंदर असे काही फारसे मिळाले नाही. मिळाला तो कारखान्याचा केरकचरा: अर्धवट कोरून सोडून दिलेली भांडी, फुटलेल्या कडा, छिलके, कच्च्या दगडाचे तुकडे. क्लोराईटच्या खाणी जवळच्याच डोंगरांत होत्या. एखाद्या दिवाणखान्यात कोणी ठेवणार नाही अशा त्या तुकड्यांनी सिद्ध केले की ही भांडी इराणच्या आग्नेय भागात घडत होती आणि तेथून शेकडो कोस दूर, दक्षिण इराकमधल्या प्राचीन सुमेरी नगरांत पोहोचत होती. फिलिप कोल यांनी १९७० च्या दशकात या सगळ्या भांड्यांचा एकत्र अभ्यास केला. मारी, उर, निप्पूर, सुसा, आखातातले तारूत बेट, इतक्या दूरदूरच्या ठिकाणी सापडलेल्या भांड्यांवर तेच ताडवृक्ष, तेच गुंतलेले साप, तीच चटईची वीण आणि देवळांच्या दर्शनी भागाची तीच नक्षी आहे, हे त्यामुळे एका दृष्टिक्षेपात आले. मोहेंजोदडोलाही चटईच्या विणीचा एक तुकडा खालच्या थरात मिळाला होता आणि अर्नेस्ट मॅके यांनी १९३२ सालीच त्याचा एलामशी, म्हणजे इराणच्या नैर्ऋत्येकडच्या प्राचीन राज्याशी, असलेला संबंध दाखवून दिला होता. मॅके यांचा तो तुकडा तळव्यावर मावेल एवढाही नसेल, पण तो कोणत्या थरात होता हे लिहिलेले आहे, आणि म्हणून त्याची साक्ष आजही उभी राहते.

दगडावर नंतर काय काय घडले तेही दगडच सांगतो, फक्त तो योग्य हातांत पडला पाहिजे. मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा रिमुश, सार्गोनचा मुलगा, याने इसवी सनापूर्वीच्या तेविसाव्या शतकात एलाम आणि पराहशुम जिंकले आणि लुटीत मिळालेली दगडी भांडी तशा अर्थाचा लेख खोदून सुमेरी देवळांत वाहिली. पराहशुम म्हणजेच मारहाशी, आणि ते आजच्या केरमानच्या बाजूला असावे असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे घडवणारा एका देशाचा, लेख खोदणारा दुसऱ्या देशाचा. आपल्या जुन्या गोव्याच्या संग्रहालयात उमा-महेश्वराची जी आलिंगनमूर्ती आहे तिच्या पाठीमागे फारसी लेख कोरलेला आहे. शिवपार्वतीच्या पाठीवर फारसी अक्षरे! पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाईट वाटले होते. आता तसे वाटत नाही. तो लेख आहे म्हणून त्या मूर्तीच्या आयुष्यातला एक काळ आपल्याला ठाऊक आहे. लेख घासून मूर्ती स्वच्छ केली असती तर तो काळ पुसला गेला असता.

आणि जिरोफ्त. याविषयी शांतपणे लिहिणे मला जमत नाही. २००१ साली हलील नदीला आलेल्या पुराने केरमानमधील जिरोफ्तजवळची प्राचीन दफनभूमी उघडी पडली. दुष्काळाने गांजलेल्या लोकांनी थडग्यांमागून थडगी उकरली आणि क्लोराईटची अप्रतिम भांडी जगभरच्या बाजारात गेली. पुढे इराणच्या पोलिसांनी बरीच जप्त केली, आणि २००३ पासून युसेफ माजिदजादेह यांनी कोनार संदल येथे रीतसर उत्खनन सुरू केले. पण जी भांडी आधीच उचलली गेली होती त्यांचे काय? ऑस्कर मस्करेला यांच्यासारख्या जाणकाराने त्यांतील काही बनावट असू शकतील असा आक्षेप घेतला, आणि त्या आक्षेपाला निर्णायक उत्तर देणे कठीण होऊन बसले, कारण ती भांडी जमिनीतून निघताना कोणीही लिहून ठेवलेले नव्हते. ज्या कारागिराने चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी आपले डोळे फोडून घेऊन ती भांडी खरोखर कोरली असतील, त्याच्या कामावर आज खोटेपणाचा संशय यावा, याहून मोठा अन्याय मला दिसत नाही. पोट जाळण्यासाठी उकरणाऱ्या गावकऱ्याला मी फारसा दोष देत नाही. दोष विकत घेणाऱ्याचा आहे.

आता आजची बैठक. आमच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे आणि त्याविषयी सगळे महाजन, म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरेने आलेले सभासद, आज अग्रशाळेत, देवळालगतच्या धर्मशाळेत, जमले होते. गर्भकुडी (गाभारा) तशीच ठेवून चौक आणि राजांगण, म्हणजे देवळाभोवतीचे अंगण, नव्याने बांधायचे आहे. अग्रशाळेच्या मागे पावसापाण्यात जुन्या देवळाचे दगड पडलेले आहेत: एका प्रभावळीचा तुकडा, दोन स्तंभांचे तळखडे, एक वीरगळ, आणि काळ्या दगडाची एक दोण, जिच्या कडेवर कमळाच्या पाकळ्यांची रांग आहे आणि जिची एक बाजू फुटलेली आहे. अभिषेकाचे पाणी पूर्वी तिच्यात पडत असे, असे जुनी माणसे सांगतात. हे दगड आता कामाच्या आड येतात. भग्न आहेत तेव्हा नदीत विसर्जित करावेत, असे भटजींनी सुचवले. दुसऱ्या एकाने सांगितले की एक गृहस्थ बाग सजवण्यासाठी असे जुने दगड चांगल्या किमतीला घेतात, त्यातून फरशीचा खर्च निघेल.

विक्रीच्या सूचनेला मी उभा राहून विरोध केला आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचीही आठवण दिली, कारण १०० वर्षांहून जुन्या कोरीव दगडांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. ती सूचना तेथेच संपली. विसर्जनाचा विषय नाजूक होता. भग्न मूर्ती पूजेत ठेवू नये हा नियम मी लहानपणापासून पाळत आलो आहे आणि त्यामागची भावना मला पूर्णपणे मान्य आहे. जी मूर्ती पूजेत होती तिला सन्मानाने निरोप देणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु तळखडा पूजेत नव्हता, वीरगळ पूजेत नव्हता, दोणीत केवळ पाणी पडत होते. आणि फुटलेल्या वस्तूची साक्ष अखंड वस्तूइतकीच मोलाची असते, कधीकधी अधिक मोलाची असते, हे मी तेपे याह्याचे उदाहरण देऊन सांगितले. काहींना ते फार लांबचे वाटले.

म्हणून मग जवळचे सांगितले. आपण अंत्रुजात, म्हणजे या फोंडा भागात, राहणारे लोक आहोत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतली देवळे मोडली तेव्हा देव नदी ओलांडून इकडे आले. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून आली, म्हाळसा वेर्ण्याहून आली. साडेचारशे वर्षे झाली, तरी यांतले एकही गाव आपण विसरलो नाही. देवाचे नाव घेताना मूळ गावाचे नाव घेतल्याशिवाय आपले समाधान होत नाही. ज्या समाजाने जागा गमावूनही जागेची आठवण इतकी घट्ट धरून ठेवली, त्याच समाजाने आपल्या राजांगणातले दगड कोठून आले, कोठे होते, हे न लिहिताच नदीत सोडून द्यावेत, हे मला पटत नाही. यावर मात्र अग्रशाळेत कोणी काही बोलले नाही, आणि भटजींनीच पहिल्यांदा मान डोलावली.

चांदरचा नंदी मी मुद्दाम सांगितला. चांदर म्हणजे जुने चंद्रपूर, कदंबांची आरंभीची राजधानी. तेथे फादर हेरास यांनी १९२९ साली उत्खनन केले आणि पुढे पुरातत्त्व खात्यानेही केले. विटांच्या जुन्या शिवमंदिराचा पाया मिळाला. तेथला नंदी शीर नसलेला आहे, पण तो मंदिराच्या जागेवरच आहे. उघड्यावर, गवतात, डोके उडालेला तो बैल आपल्या देवाकडे तोंड करून बसला आहे असे म्हणता येत नाही, कारण तोंडच नाही. परंतु त्याच्या बसण्यावरून देव कोणत्या दिशेला होता हे आजही कळते. लंडनच्या पात्रावरचे वशिंडाचे बैल अंगाने धड आहेत आणि काचेमागे सुखरूप आहेत. माझा जीव मात्र चांदरच्या नंदीसाठी अधिक तुटतो आणि आश्वस्तही त्याच्याचमुळे होतो.

शेवटी असे ठरले की पावसाळा संपेपर्यंत दगड हलवायचे नाहीत. गावातल्या हायस्कूलची चार मुले मदतीला घेऊन मी प्रत्येक दगडाची लांबी-रुंदी, कोरीवकामाचे वर्णन आणि चारही बाजूंची छायाचित्रे एका वहीत नोंदवायची, त्याची एक प्रत देवस्थानच्या कपाटात आणि एक पुरातत्त्व खात्याकडे द्यायची, आणि त्यानंतर तळखडे, वीरगळ व दोण नव्या राजांगणाच्या भिंतीलगत ओट्यावर ठेवायची. प्रभावळीच्या तुकड्याचे काय करायचे ते भटजी शास्त्र पाहून सांगतील. विसर्जन ठरले तर कोणत्या तारखेला, नदीच्या कोणत्या वळणावर, कोणाच्या हस्ते, हेही वहीत येईल. ही शेवटची अट माझी होती आणि ती कोणी अमान्य केली नाही.

वही आजच आणली. पहिल्या पानावर रकाने आखले: दगड, माप, आत्ताची जागा, पूर्वीची जागा, सांगणाऱ्याचे नाव. दोणीचे पहिले तीन रकाने भरले. चौथ्यासाठी वाड्यावरच्या मोठ्या आत्यांना विचारले पाहिजे. दोण आधी येथे नव्हती, पलीकडच्या बांधावरच्या पडक्या देवळीतून बैलगाडीने आणली, असे त्या एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. त्यांना आता दुपारनंतर नीट आठवत नाही, सकाळी बरे असते. उद्या सकाळी सातलाच जातो, आणि त्या येऊ शकल्या तर रिक्षा करून त्यांना त्या बांधापर्यंत घेऊनही जातो, म्हणजे देवळीची नेमकी जागा त्यांनाच दाखवता येईल.